विश्लेषण : हजार शब्द पाठ, तरी इंग्रजी का अडते? शब्दसंग्रह नेमका वाढतो कसा?

बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अभियांत्रिकी, नर्सिंग, वाणिज्य किंवा विधि अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या अनेक विद्यार्थ्यांचा पहिल्या सत्रातील अनुभव सारखाच असतो. विषय समजतो, उत्तरही येत असते. पण प्रश्नातल्या एखाद्या शब्दावर गाडी अडते. मग शब्दांच्या याद्या जमवल्या जातात, ‘रोज एक नवा शब्द’ पाठवणाऱ्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये नाव घातले जाते, महिनाभरात हजार शब्द शिकवण्याचा दावा करणाऱ्या चित्रफिती पाहिल्या जातात. वही भरते, अडचण मात्र तशीच राहते. यात दोष बुद्धीचा किंवा स्मरणशक्तीचा नसतो. कोणते शब्द निवडले, ते किती वेळा भेटले आणि कोणत्या शब्दांच्या सोबतीने शिकले, यावर बरेच काही अवलंबून असते. याबाबत संशोधन काय सांगते आणि मराठी भाषकाला त्याचा उपयोग कसा करून घेता येईल?

नेमके अडते कुठे?

महाराष्ट्रात २०००-०१ या शैक्षणिक वर्षापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला. त्याआधी तो पाचवीपासून असे. म्हणजे आज महाविद्यालयात पाऊल ठेवणाऱ्या विद्यार्थ्याने बारा वर्षे इंग्रजी शिकलेले असते. मात्र इंग्रजी हा एक विषय म्हणून शिकणे आणि सगळे विषय इंग्रजीतून शिकणे यांत मोठे अंतर आहे. ‘असे गृहीत धरा’, ‘अनुक्रमे’, ‘पुरेसा’ हे शब्द मराठीत वाचलेल्या विद्यार्थ्यासमोर आता ‘अझ्यूम’, ‘रिस्पेक्टिव्हली’, ‘सफिशिएंट’ हे शब्द येतात. ‘इलेक्ट्रॉन’ किंवा ‘बॅलन्स शीट’ म्हणजे काय, हे प्राध्यापक समजावून सांगतात, कारण ते विषयाचे शब्द असतात. ‘अझ्यूम’चा अर्थ मात्र वर्गात सहसा कोणी सांगत नाही, तो सर्वांना येतो, असे गृहीत धरलेले असते.

शब्द अडला की काय होते, हे मराठीतच पाहता येईल. ‘सरपंचांनी काल ग्रामसभेत पाण्याचा झुरवट मांडला आणि लोकांनी तो खुडमला.’ या वाक्यात दहा शब्द आहेत. त्यातील ‘झुरवट’ आणि ‘खुडमला’ हे दोन बनावट आहेत, उरलेले आठ लख्ख कळतात. ‘झुरवट’ म्हणजे प्रस्ताव असावा, असा अंदाज करता येतो. पण लोकांनी तो मंजूर केला, फेटाळला की पुढे ढकलला? बातमी होती तीच कळली नाही. ऐंशी टक्के शब्द येऊनही हाती काही लागत नाही, ते असे.

हे प्रयोगातूनही दिसले आहे. न्यूझीलंडमधील भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन आणि मार्सेला हू यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी शिकणाऱ्यांना एक गोष्ट वाचायला दिली होती. ज्यांना त्यातील ८० टक्केच शब्द ओळखीचे होते, त्यांच्यापैकी एकालाही ती पुरेशी समजली नाही. मदतीशिवाय, सहजपणे वाचायचे तर सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, असा निष्कर्ष त्यातून निघाला. म्हणजे पन्नास शब्दांमागे फार तर एक अनोळखी.

मग किती शब्द यायला हवेत?

ऑक्सफर्डच्या वीस खंडांच्या १९८९ मधील इंग्रजी कोशात वापरातील शब्दांच्या १ लाख ७१ हजारांहून अधिक नोंदी आहेत. हा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. इतके शब्द कोणालाच येत नाहीत, इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांनाही नाही.

शब्द मोजताना संशोधक ‘शब्दकुटुंब’ हे एकक वापरतात. मराठीत लिहिणे, लिहिले, लिहिणारा हे जसे एका घरचे, तसे इंग्रजीत ‘डिसाइड’, ‘डिसाइडेड’, ‘डिसाइडिंग’ हे एका कुटुंबातले. नेशन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार वृत्तपत्र किंवा कादंबरी विनासायास वाचण्यासाठी आठ ते नऊ हजार, तर चित्रपट आणि संभाषण समजण्यासाठी सहा ते सात हजार शब्दकुटुंबे लागतात. हे अंतिम मुक्कामाचे आकडे आहेत. सुरुवातीच्या टप्प्याचे गणित शिकणाऱ्याच्या बाजूचे आहे, कारण भाषेतील सगळे शब्द सारख्या प्रमाणात वापरले जात नाहीत. अगदी थोडे शब्द पुन:पुन्हा येतात आणि बाकीचे क्वचित. सर्वाधिक वापरातील दोन हजार शब्दकुटुंबे माहीत असली, तर सर्वसाधारण इंग्रजी मजकुरातील साधारण ८० टक्के शब्द ओळखीचे होतात. पुढच्या प्रत्येक हजार शब्दांनी पडणारी भर कमी कमी होत जाते. त्यामुळे पहिले दोन-तीन हजार शब्द कोणते, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

ते शब्द कोणी निवडले?

या कामाची मुळे आपल्याच उपखंडात आहेत. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ढाक्यातील शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात काम करत होते. बंगालमधील मुले वर्षानुवर्षे इंग्रजी शिकतात, पण त्यांना साधे पुस्तक वाचता येत नाही, असे त्यांच्या लक्षात आले. पाठ्यपुस्तकांत जुनाट आणि दुर्मीळ शब्दांची गर्दी होती. वेस्ट यांनी असे शब्द काढून रोजच्या वापरातील शब्द घातले, एका पानावर येणाऱ्या नव्या शब्दांची संख्या कमी केली आणि आलेला शब्द पुढे पुन:पुन्हा येईल, अशी धड्यांची रचना केली. याच विचारातून १९५३ मध्ये त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’ प्रसिद्ध झाली. तिची आधुनिक आवृत्ती म्हणता येईल अशी ‘न्यू जनरल सर्व्हिस लिस्ट’ २०१३ मध्ये आली. तिच्यात सुमारे २८०० शब्द आहेत आणि ती इंटरनेटवर मोफत मिळते.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी दुसरी यादी अधिक मोलाची आहे. न्यूझीलंडमधील ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या चारही शाखांतील सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर तपासून २००० मध्ये ‘ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट’ तयार केली. वेस्ट यांच्या यादीत नसलेली, पण सर्वच विषयांच्या पुस्तकांत सतत येणारी ५७० शब्दकुटुंबे तिच्यात आहेत. ‘अझ्यूम’, ‘डिराइव्ह’, ‘इंडिकेट’, ‘एस्टिमेट’, ‘सिग्निफिकंट’, ‘व्हेरी’ म्हणजे बदलणे, ही त्यातलीच. कॉक्सहेड यांनी तपासलेल्या मजकुरात या ५७० कुटुंबांनी सुमारे दहा टक्के जागा व्यापली होती. शब्द थोडे आणि लाभ मोठा, असा हा सौदा आहे.

याउलट ‘रोज एक नवा शब्द’ या प्रकारात बहुधा भारदस्त, दुर्मीळ शब्द निवडले जातात. ‘अझ्यूम’ नीट येत नसताना ‘युबिक्विटस’ किंवा ‘सर्कमलोक्यूशन’ पाठ करणे म्हणजे भाजीभाकरीची सोय नसताना चांदीचे ताट विकत घेणे. काही स्पर्धा परीक्षांत असे शब्द विचारले जातात, हे खरे. पण तिथेही उतारा समजला तरच पुढचे गुण मिळतात.

पाठ केलेले शब्द विसरले का जातात?

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाऊस यांनी स्वत:वरच प्रयोग करून १८८५ मध्ये याचे उत्तर दिले. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि ठरावीक काळाने ते पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो, हे मोजायचे, अशी त्यांची पद्धत होती. तासाभरातच निम्म्याहून अधिक श्रम वाया गेलेले दिसले. एका दिवसानंतर जेमतेम एकतृतीयांश लाभ शिल्लक होता. त्यानंतर मात्र घसरण मंदावली. अर्थ असलेले शब्द इतक्या वेगाने निसटत नाहीत, पण उताराची दिशा तीच असते. एका बैठकीत पन्नास शब्द घोकण्यापेक्षा तेच शब्द थोडे थोडे, काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पाहणे अधिक फायद्याचे ठरते, ते यामुळेच.

पण ‘पुन्हा पाहणे’ म्हणजे पुन्हा वाचणे नव्हे. अमेरिकेतील जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर यांचा २००८ मधील प्रयोग याबाबत बोलका आहे. विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतील ४० शब्द इंग्रजी अर्थांसह शिकवण्यात आले. एकदा आठवलेल्या शब्दांचीही ज्यांनी पुढे स्वत:ची चाचणी घेणे चालू ठेवले, त्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के शब्द आठवले. ज्यांनी एकदा आलेल्या शब्दांची चाचणी थांबवली, ते ३५ टक्क्यांच्या आसपास राहिले; त्यांच्यापैकी काही जण ते शब्द वाचत राहिले होते, तरी विशेष फरक पडला नाही. अर्थ झाकून तो आठवण्याचा प्रयत्न करणे, हाच खरा अभ्यास ठरला.

हेच तत्त्व वापरून जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात खोक्याची पद्धत लोकप्रिय केली. चिठ्ठीच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. आठवला तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते आणि उशिरा भेटते. नाही आठवला तर ती पुन्हा पहिल्या कप्प्यात येते आणि दुसऱ्याच दिवशी भेटते. बुटाच्या रिकाम्या खोक्यातही हे जमते. ‘अँकी’सारखी ॲप हेच काम मोबाइलवर करतात.

एक सावधगिरी मात्र हवी. अर्थाने जवळचे किंवा उलट असे नवे शब्द एकाच दिवशी शिकू नयेत. उसने घेणे म्हणजे ‘बॉरो’ आणि उसने देणे म्हणजे ‘लेंड’ ही जोडी एकत्र पाठ केली, की कोणता कोणता, हा गोंधळ पुढे बराच काळ पिच्छा सोडत नाही. आधी एक पक्का करावा, दुसरा काही आठवड्यांनी घ्यावा.

अर्थ कळला म्हणजे शब्द आला का?

इथेच बहुतेक शब्दवह्या कमी पडतात. शब्द ओळखता येणे आणि तो वापरता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीतील ‘कडक’ हा शब्द पाहावा. कडक चहा इंग्रजीत ‘स्ट्राँग’ असतो, कडक शिक्षक ‘स्ट्रिक्ट’, कडक झालेला पाव ‘हार्ड’ आणि कोरी कडक नोट ‘क्रिस्प’. पाऊस आणि वारा मराठीत दोन्ही जोराचे. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’, पण वारा ‘स्ट्राँग’. आपण चूक ‘करतो’ आणि गृहपाठही ‘करतो’. इंग्रजीत चुकीसोबत ‘मेक’ येते, गृहपाठासोबत ‘डू’. दार बंद करणे म्हणजे ‘क्लोज’, म्हणून टीव्ही बंद करण्यालाही ‘क्लोज’ म्हटले की वाक्य फसते; तिथे ‘टर्न ऑफ’ लागते.

यातील एकही चूक व्याकरणाची नाही. शब्दाची सोबत चुकलेली आहे. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत असताना त्यांना हीच अडचण दिसली. केवळ अर्थ न देता शब्द वाक्यात कसा वापरायचा, हे दाखवणारा त्यांचा कोश १९४२ मध्ये टोकियोत प्रसिद्ध झाला. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या ऑक्सफर्डच्या ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’चा तो पूर्वज. अशा विद्यार्थी-कोशांत अर्थ सोप्या इंग्रजीत दिलेले असतात. लाँगमनच्या १९७८ मधील कोशाने तर व्याख्यांसाठी सुमारे दोन हजार शब्दांचीच मर्यादा घालून घेतली. म्हणून वहीत सुटा शब्द लिहू नये. ‘मिस्टेक’ म्हणजे चूक, एवढ्याऐवजी ‘मेक अ मिस्टेक’ हा पूर्ण तुकडाच उतरवावा.

मराठी हा अडसर आहे की आधार?

योग्य वापर केला तर आधार. ‘इंग्रजी शब्दाचा अर्थ इंग्रजीतूनच समजून घ्या’ असा आग्रह अनेक वर्गांत धरला जातो. पुढच्या टप्प्यावर तो ठीक आहे. सुरुवातीला मात्र मातृभाषेतील नेमका प्रतिशब्द हा अर्थापर्यंत पोहोचण्याचा सर्वांत जवळचा रस्ता असतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर मराठी माणसांच्या काही पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या दोन्ही भाषा शेजारी ठेवूनच.

शिवाय मराठी भाषक शून्यापासून सुरुवात करत नाही. विहिरीवरचा शेतकरी मोटर, पंप, स्टार्टर, व्हॉल्व्ह, फ्यूज, लोड हे शब्द दिवसभर वापरतो. मात्र मराठीत आल्यावर काही शब्दांनी अर्थ बदलला आहे. आपले ‘हॉटेल’ म्हणजे खाण्याचे ठिकाण; इंग्रजीत ते मुक्कामाचे. आपल्याला ‘करंट’ लागतो, इंग्रजीत ‘शॉक’ लागतो. गावाकडे ‘फॅमिली’ म्हणजे बायको, इंग्रजीत सगळे कुटुंब.

शब्द फोडण्याची सवयही मराठीतूनच मिळते. आहार, विहार, प्रहार, संहार हे शब्द एकाच धातूला वेगवेगळे उपसर्ग लागून झाले, हे शाळेत शिकवतात. इंग्रजीतील लॅटिन वळणाचे शब्द असेच बनतात. ‘ट्रॅक्ट’ म्हणजे ओढणे. ओढणारा तो ‘ट्रॅक्टर’. स्वत:कडे ओढणे ‘अट्रॅक्ट’, बाहेर ओढून काढणे ‘एक्स्ट्रॅक्ट’, लक्ष दुसरीकडे ओढणे ‘डिस्ट्रॅक्ट’, खालून काढून घेणे म्हणजे वजाबाकी करणे ‘सब्ट्रॅक्ट’. गंमत अशी, की आपले आकर्षण आणि निष्कर्षण हे शब्दही ओढणे या अर्थाच्या ‘कृष्’ धातूचे, आणि ‘कृषी’ही त्याच घरातली. असा एक धागा सापडला, की चार शब्द एकमेकांना धरून लक्षात राहतात. सर्वच शब्द इतके सरळ फुटत नाहीत; त्यामुळे हा अंदाज कोशात तपासून घ्यावा.

मोबाइलचा उपयोग कसा करावा?

भाषांतराचे ॲप शब्दाचा अर्थ क्षणात देते, पण तितक्याच लवकर तो विसरलाही जातो. कारण आठवण्याचे कष्ट घेतलेले नसतात. म्हणून आधी वाक्यावरून अंदाज, मग शोध, आणि शोधलेला शब्द चिठ्ठीवर, हा क्रम ठेवावा. कोशाच्या ॲपमध्ये उच्चार ऐकून तो मोठ्याने म्हणावा. मोबाइलच्या आवाजी टंकलेखनात इंग्रजी निवडून तोच शब्द वाक्यात बोलून पाहावा. पडद्यावर भलतेच उमटत असेल, तर उच्चार पुन्हा ऐकावा.

वाचनासाठी मजकूर निवडण्याची सोपी कसोटी आहे. साधारण २५० शब्दांच्या पानात पाचपेक्षा अधिक शब्द अनोळखी असतील, तर तो मजकूर सध्या अवघड आहे. त्याऐवजी सकाळी मराठीत वाचलेली बातमी इंग्रजी वृत्तपत्रात शोधावी. क्रिकेटचा सामना, पावसाचा अंदाज, अर्थसंकल्प काहीही चालेल. काय घडले, हे आधीच ठाऊक असल्याने अनोळखी शब्दांचा अर्थ आपोआप उलगडू लागतो आणि एकाच विषयाचे शब्द रोज भेटत राहतात.

रोजचा हिशेब काय?

दिवसाला पाच शब्द आणि आठवड्याचे पाच दिवस, असे धरले तर वर्षाला १३०० आणि दोन वर्षांत २६०० शब्द होतात. उरलेले दोन दिवस फक्त उजळणीचे. वहीत चार रकाने पुरतात : शब्द, मराठी अर्थ, सोबतीच्या शब्दासह तुकडा आणि स्वत:च्या आयुष्यातले एक वाक्य. ‘बॉरो’साठी पुस्तकातले वाक्य उतरवण्यापेक्षा मित्राची सायकल मागून आणल्याचे वाक्य अधिक टिकते. त्याच रात्री, दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने, पंधरवड्याने आणि महिन्याने अर्थ झाकून स्वत:ला विचारावे. यासाठी रोज वीस मिनिटे पुरेशी आहेत, पण ती रोज हवीत.

दोन वर्षांनंतरही ९८ टक्क्यांचा पल्ला गाठलेला नसेल. तिथून पुढचे शब्द याद्यांतून कमी आणि वाचनातून अधिक येतात. पण पाया पक्का असल्याने ते वाचन आता झेपणारे असते. महिनाभरात हे साध्य होईल, असे सांगणाऱ्यांपासून दूर राहिलेले बरे.

सगळा भार विद्यार्थ्यावरच टाकणेही योग्य नाही. ५७० शब्दकुटुंबांची यादी मराठी अर्थांसह पहिल्या सत्रातच वर्गात देणे, प्रश्नपत्रिकेत वारंवार येणारी क्रियापदे एखाद्या तासाला समजावून सांगणे, यासाठी महाविद्यालयांना वेगळा निधी लागत नाही. उत्तर येत असूनही प्रश्न न कळल्यामुळे गुण गमावणारा विद्यार्थी त्या विषयात कच्चा नसतो. त्याच्या आणि गुणांच्या मध्ये बहुतेक वेळा ‘अझ्यूम’सारखे थोडेच शब्द उभे असतात, आणि ते शिकता येण्याजोगे आहेत.